कॅन्डल कोण घासणार?

यवतमाळ जिल्ह्यात पाण्याचा विषय निघाला की बोलणे टँकरवर येते. किती दिवसांनी आला, किती गुंड भरले, कोणाच्या दारापुढे आधी थांबला. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या धरणांनी तळ दाखवला तेव्हा खुद्द यवतमाळ शहराचे हाल झाले आणि मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांनाही आपली आठवण झाली. एरवी आपले नाव तिथे छापून येते ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे, नाहीतर २०१७ सारख्या फवारणीतल्या विषबाधेमुळे. टँकर आला की पाण्याची बातमी संपते. आलेले पाणी कसे आहे, ते रांजणात किती दिवस राहते, त्यात कोणाचा हात बुडतो आणि लेकराच्या ओठाला लागेपर्यंत त्यात काय काय मिसळते, याची बातमी होत नाही. या पुस्तकाचा विषय तेवढाच आहे: उंबरठ्याच्या आत आलेले पाणी आणि ते पिण्याजोगे करणारी घरगुती साधने.

या साधनांमागे जगभर मोठा पैसा आणि मोठी सदिच्छा उभी आहे. घाना, केनिया, इथिओपियाच्या खेड्यांत मातीचे, वाळूचे, प्लास्टिकच्या नळीचे फिल्टर वाटणाऱ्या संस्था शेकड्यांनी असतील. आपल्याकडेही एखादी कंपनी सामाजिक निधीतून, एखादे मंडळ वर्धापनदिनाच्या निमित्ताने, एखादा पुढारी निवडणुकीच्या तोंडावर स्टीलचे फिल्टर वाटून जातो. फोटो निघतो. पुढच्या वर्षी त्याच घरात गेले तर वरच्या डब्यात तुरीची डाळ आणि खालच्या डब्यात गहू भरलेला दिसतो. लोकांना कळत नाही म्हणून असे होते, हे शहरी उत्तर आहे आणि ते बहुतेक वेळा चूक असते. घरातल्या बाईने हिशेब केलेला असतो. कॅन्डलमधून पाणी थेंब थेंब पडते, सात माणसांच्या घराला ते पुरत नाही, कॅन्डल चोंदली की घासायला वेळ नाही, फुटली तर नवी तालुक्याच्या गावातही मिळेल याची खात्री नाही. डब्यात डाळ भरणे हा त्या हिशेबाचा निकाल असतो.

खरे तर पाणी गाळून पिणे आपल्याकडे कोणी बाहेरून येऊन शिकवलेले नाही. हंड्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचे फडके बांधणे, गढूळ पाण्यात तुरटी फिरवणे, निवळीचे बी रांजणाच्या आतल्या अंगाला घासणे, तीन मडक्यांची उतरंड करून कोळसा आणि वाळूतून पाणी झिरपवणे या रीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. सुश्रुतसंहितेत पाणी निवळवण्याच्या साधनांची यादी आहे आणि तिच्यात निवळीबरोबर वस्त्रही आहे. पावसाळ्यात वर्धेचे किंवा पैनगंगेचे पाणी लाल झाले की तुरटीचा खडा आजही निघतो. या साधनांचा भर पाणी नितळ करण्यावर होता आणि नितळ पाणी चांगले असा त्यामागचा समज होता. तो अर्धा खरा होता. गाळाबरोबर पुष्कळ जंतूही खाली बसतात, सगळे नाही.

लुगड्याचे फडके किती काम करते, हे मोजून पाहिले ते बांगलादेशात. रिटा कॉलवेल या अमेरिकी शास्त्रज्ञ बाईंनी तिथल्या संशोधकांबरोबर मतलब भागातल्या खेड्यांमध्ये जुन्या साडीच्या निदान चार घड्या करून पाणी गाळायला सांगितले. पटकीचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी घड्यांत अडकतात, हा त्यामागचा विचार होता. २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पटकीचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आलेले आढळले. साडी नवी चालत नाही, वारंवार धुतलेलीच लागते, कारण जुन्या सुताचे धागे फुगून त्यांच्यामधली भोके बारीक होतात. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्याला ही गोष्ट ऐकून बरे वाटेल.

युरोपात जंतूंचा शोध लागला तसे या कामाचे दोन रस्ते झाले. १८५४ मध्ये जॉन स्नोने लंडनमध्ये पटकीचा संबंध एका हातपंपाशी जोडला. १८८४ मध्ये रॉबर्ट कोखने कोलकात्यात बसून पटकीच्या जंतूचा अभ्यास पुरा केला. १८९२ मध्ये हॅम्बुर्ग शहरात पटकीने साडेआठ हजारांवर माणसे गेली आणि त्याच एल्बे नदीचे पाणी पिणारे शेजारचे अल्टोना पुष्कळसे वाचले, कारण अल्टोनाचे पाणी वाळूच्या संथ गाळणीतून येत होते. पहिला रस्ता इथून निघाला: सगळ्या गावाचे पाणी एका जागी गाळायचे, क्लोरीन घालायचे आणि नळाने द्यायचे. दुसरा रस्ता घराकडे गेला. पाश्चरच्या प्रयोगशाळेत शाम्बरलँने चिनी मातीची जंतुगाळणी केली, जर्मनीत बर्केफेल्डने एका सच्छिद्र मातीपासून कॅन्डल बनवली, इंग्लंडात डोल्टनची मातीची गाळणी आधीपासून होतीच. ही कॅन्डल साहेबाच्या बंगल्यातून वकील-डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात आणि तिथून रुखवतात आली. पहिला रस्ता सरकारचा, दुसरा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा. आज ज्यांच्या घरी पहिला रस्ता पोचला नाही त्यांनाच आपण दुसरा सुचवतो आहोत, ही या क्षेत्रातली मूळ अडचण आहे.

तरीही घरगुती गाळणीने एक लढाई निर्विवाद जिंकली आहे. नारूचे नाव आता म्हाताऱ्या माणसांच्याच तोंडी ऐकू येते. पायाच्या कातडीतून हातभर लांबीचा दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा आणि तो काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. उघड्या बारवांमध्ये पायऱ्या उतरून लोक पाणी भरत, रोग्याचा पाय पाण्यात बुडे आणि अळ्या पसरत. भारतात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. रोग असलेल्या राज्यांत महाराष्ट्रही होता. बारवांचे रूपांतर, हातपंप, औषध आणि फडक्याने गाळलेले पाणी असे सगळे एकत्र चालले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. आफ्रिकेत हेच काम कार्टर सेंटर या संस्थेच्या पुढाकाराने झाले. गुराख्यांना गळ्यात अडकवायला जाळी लावलेली नळी दिली, ती तोंडात धरून डबक्यातले पाणी ओढायचे. १९८६ मध्ये जगात नारूचे रुग्ण पस्तीस लाखांच्या घरात होते, आता वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. इथे गाळणी जिंकली, कारण शत्रू एकच होता, डोळ्यांना जवळजवळ दिसण्याइतका मोठा होता आणि कोणत्याही घट्ट विणीच्या कापडात अडकत होता. पुढच्या लढाया इतक्या सरळ नव्हत्या.

१९७२ चा दुष्काळ हा महाराष्ट्राच्या पाण्याच्या इतिहासातला मोठा सांधा आहे. त्याच सुमारास भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली, बोअर मारणाऱ्या गाड्या खेडोपाडी फिरू लागल्या आणि उघड्या विहिरीऐवजी बंद बोअर हे सुरक्षित पाण्याचे दुसरे नाव झाले. त्यावर बसवायचे पंप मात्र सारखे मोडत. जालन्याच्या मिशनमध्ये टिकाऊ पंपाची खटपट झाली, सोलापुरात ती पुढे गेली आणि युनिसेफच्या मदतीने तिच्यातून ‘इंडिया मार्क टू’ हा हातपंप तयार झाला. आपण ज्याला नुसते बोरिंग म्हणतो तोच हा. पुढे तो आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेला. तिथल्या खेड्यांत पाणी भरणाऱ्या बायका ज्या दांड्यावर जोर देतात त्याचा पूर्वज जालन्या-सोलापुरातला आहे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत यायला हवे होते. आपण उगाच भलत्या गोष्टींचा अभिमान बाळगत बसतो.

पण त्या बोअरने आपल्याला दुसऱ्या दुखण्याकडे नेले, आणि इथे यवतमाळची गोष्ट इतरांपेक्षा वेगळी होते.

जिल्ह्याचा मोठा भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा. पूर्वेला वणी, मारेगाव, झरी-जामणीकडे गेले की चुनखडक, वाळूखडक आणि कोळसा लागतो. पाऊस सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे मराठवाड्याच्या मानाने बरा. पण बेसॉल्टच्या पोटात तो फार साठत नाही. उथळ पाणी फेब्रुवारी-मार्चला संपते, मग माणूस खोल जातो. खोल पाणी खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे पडून असते. त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट वाढलेले, कॅल्शियम कमी झालेले. अशा पाण्यात फ्लोराइड विरघळून राहते. केळापूर तालुक्यातल्या पांढरकवडा परिसराच्या भूजलातील फ्लोराइडवर २००७ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात शास्त्रीय निबंध आला. त्याच्या कितीतरी आधी गावकऱ्यांना कळले होते की आपल्या गावच्या पोरांचे दात पिवळे-तपकिरी असतात आणि शेजारच्या गावच्या पोरांचे नसतात.

भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे एक मिलिग्रॅम फ्लोराइड ही इष्ट मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालते. त्याच्या वर गेले की आधी दात. मग सांधे, मान, कंबर. वाकलेली पाठ सरळ होत नाही. आपल्या देशात हा आजार वैद्यकीय नियतकालिकांत पहिल्यांदा नोंदला गेला तो १९३७ मध्ये, जुन्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून. तिथे तो आधी बैलांच्या आणि मग माणसांच्या चालीवरून लक्षात आला होता. आपल्याकडे याची मोठी किंमत मोजली ती केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडांनी. पोड म्हणजे टेकाडावरची आठ-दहा ते पन्नास-साठ घरांची वस्ती. नळयोजना पायथ्याच्या मोठ्या गावापर्यंत येते आणि पोडावर सरकार एक बोअर मारून देते. एकच बोअर, तोच वर्षभर. पर्याय नसलेल्या माणसाला फ्लोराइड जास्त बाधते, आणि ज्याच्या ताटात दूध, कडधान्य, भाजी कमी त्याला आणखी जास्त, कारण शरीराला कॅल्शियम मिळाले तर विष हाडांत बसण्याचे प्रमाण घटते. अलीकडे या क्षेत्रातले लोक तरोट्याच्या भाजीची आठवण करून देतात. पावसाळ्यात बांधावर फुकट उगवणारी ही भाजी कॅल्शियमच्या दृष्टीने चांगली आहे. पोडावरच्या बायकांना ती शिकवावी लागत नाही. ती खाणे गरिबीची खूण समजले जाते, ही समजूत तेवढी पुसावी लागते.

या पुस्तकाचा मुख्य मुद्दा आता मांडतो. “पाणी उकळून, गार करून, गाळून प्या” हा आरोग्य खात्याचा मंत्र जंतूंसाठी अगदी बरोबर आहे. फ्लोराइडच्या पाण्याला तो लावला तर उलटे होते. उकळताना पाण्याची वाफ जाते, फ्लोराइड मागे राहते आणि भांड्यातले प्रमाण वाढते. नायट्रेटचेही तसेच. शेतातली खते आणि गोठ्या-उकिरड्याची घाण झिरपून येणाऱ्या विहिरींत ते सापडते आणि त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅमची आहे. क्लोरीनचा या दोघांवर काहीही परिणाम होत नाही. स्टीलच्या फिल्टरमधल्या कॅन्डलचाही नाही. म्हणजे फ्लोराइडच्या पोडावर कॅन्डलचे फिल्टर वाटणारा माणूस भल्या हेतूने एक खोटा दिलासा वाटत असतो. पाणी चकचकीत भांड्यातून, नळाच्या तोटीतून येते, म्हणून ते चांगले; मग कोणी तपासायला जात नाही.

याची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर फार कमी लिहिले गेले आहे. त्याच पोडाच्या उतारावर बहुधा एखादी उथळ विहीर असते, ओढ्याकाठचा झिरा असतो. त्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असते, जंतू मात्र भरपूर. सरकारी भाषेत तो असुरक्षित स्रोत, म्हणून त्याच्यावर फुली मारून बोअर दिला गेला. आता घरात जंतू मारणारे किंवा अडवणारे साधन असेल तर ती फुली काढता येते. बोअरचे पाणी आंघोळीला, भांड्यांना, गुरांना. विहिरीचे पाणी गाळून, क्लोरीन घालून पिण्या-रांधण्याला. जो फिल्टर फ्लोराइडला हात लावू शकत नाही तोच असा आडवाटेने फ्लोराइडवर उपाय ठरतो. पावसाचे पाणी कवेलूच्या किंवा टिनाच्या छपरावरून धरले तर तेही याच हिशेबात बसते. दिवसाला लागणारे पिण्या-रांधण्याचे पाणी किती? माणशी पाच ते सात लिटर. गावाच्या सगळ्या पाण्यातून फ्लोराइड काढत बसण्यापेक्षा एवढ्याच पाण्याचा स्रोत बदलणे पुष्कळ ठिकाणी स्वस्त पडते.

फ्लोराइड काढण्याच्या रसायनविद्येत मात्र विदर्भाचा वाटा मोठा आहे. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय संस्थेने १९७० च्या दशकात ‘नलगोंडा तंत्र’ बसवले. नाव तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या जिल्ह्याचे, डोके नागपूरचे. बादलीत पाणी घ्यायचे, तुरटी आणि चुना ठरलेल्या प्रमाणात घालून ढवळायचे, निवळू द्यायचे. गाळाबरोबर फ्लोराइड खाली बसते. साहित्य प्रत्येक बाजारात मिळते. पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत, टांझानिया आणि इथिओपियात, ज्वालामुखीच्या खडकांमुळे पाण्यात फ्लोराइड प्रचंड. तिथेही हे तंत्र नेले गेले. केनियात नाकुरूजवळ जाळलेल्या हाडांच्या कोळशाचे फिल्टर चालवले गेले. आपल्याकडे हाडांचा कोळसा म्हटल्यावर किती घरांत तो चालला असता, हे सांगायला नको. नंतर युनिसेफ आणि कानपूरच्या आयआयटीने सक्रिय ॲल्युमिनाचे घरगुती फिल्टर अनंतपूर आणि डुंगरपूर भागांत दिले. नीरीने चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात सौरऊर्जेवर चालणारा विद्युत पद्धतीचा संयंत्रप्रयोगही केला. या सगळ्यांचे रसायनशास्त्र पक्के आहे. अडते ते पुढे. नलगोंडाची तुरटी किती घालायची हे पाण्याच्या क्षारतेवर ठरते, म्हणजे प्रत्येक बोअरला माप वेगळे आणि गाळ रोज टाकायचा. ॲल्युमिना काही महिन्यांनी दमतो, त्याला अल्कली आणि आम्लाने धुऊन पुन्हा कामाला लावावे लागते, आणि दमलेला ॲल्युमिना दिसायला ताज्यासारखाच दिसतो. चवीतही फरक पडत नाही. घरात रोज पाणी पिणाऱ्याला कळायचा मार्गच नाही.

आरओबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याची जाहिरात पुरेशी झालेली आहे. ते यंत्र फ्लोराइड, नायट्रेट, क्षार सगळेच काढते, हे खरे. घेतलेल्या पाण्यातले बरेचसे ते नाल्यात सोडते, हेही खरे. आणि जिथे हंडाभर पाण्यासाठी टेकाड चढायचे तिथे ही उधळपट्टी कशी परवडावी? पाण्यात विरघळलेले क्षार लिटरमागे पाचशे मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी आणावी, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सांगितले. पण बाजार लवाद वाचत नाही. चौकातल्या आरओ केंद्रावर पाच-दहा रुपयांत वीस लिटरचा कॅन भरून मिळतो, लग्नाच्या पंगतीत थंड जार ठेवणे प्रतिष्ठेचे झाले आहे आणि पडदा कधी बदलला हे केंद्रचालकाला विचारणारा विरळा. वणी-पांढरकवड्यासारख्या क्षारांच्या आणि फ्लोराइडच्या भागांत सामूहिक आरओला जागा आहे, असे माझे मत आहे. ज्याच्या विहिरीला गोड पाणी आहे त्याने आरओ घेणे ही हौस.

कॅन्डल आणि आरओ या दोहोंच्या मध्ये कमी खर्चाच्या साधनांची एक मोठी शाखा आहे आणि तिच्यातही महाराष्ट्राचे नाव आहे. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून ‘सुजल’ नावाचा फिल्टर तयार झाला होता. त्याच राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून २००९ मध्ये ‘स्वच्छ’ बाजारात आला. वीज नको, नळ नको. ग्वाटेमालात १९८० च्या दशकाच्या आरंभी लाकडाचा भुसा मिसळून भाजलेल्या मातीचे गाळणमडके निघाले आणि कुंभारांच्या हातून ते निकाराग्वा, घाना, कंबोडियापर्यंत गेले. कॅनडात डेव्हिड मान्झ यांनी वाळूची संथ गाळणी घरात मावेल एवढी केली. ज्या गावात कुंभार आहे त्या गावात ही मडकी का होऊ नयेत, असा प्रश्न वाचकाला पडेल. पडलाच पाहिजे. मात्र मडक्याची भोके एकसारखी पडण्यासाठी भट्टीचा ताप सांभाळावा लागतो आणि प्रत्येक मडके पाणी किती वेगाने सोडते ते मोजावे लागते. आपल्या आव्यात ती शिस्त आणणे हे वर्षभराचे काम आहे.

मग या साधनांनी आजार कमी होतो का? यावर अभ्यासकांचे दोन तट आहेत आणि नवख्या वाचकाने दोन्ही ऐकावेत. २००५ च्या सुमारास झालेल्या आढाव्यांनी सांगितले की घरात पाणी शुद्ध केले तर मुलांची हगवण बरीच कमी होते. या मतावर जागतिक आरोग्य संघटनेपासून लहान संस्थांपर्यंत सगळे कामाला लागले. दुसऱ्या तटाने विचारले: ज्याला फिल्टर फुकट दिला त्याला “लेकराला हगवण झाली का?” असे विचारले तर तो भिडेखातर नाही म्हणणार नाही का? म्हणून क्लोरीनच्या खऱ्या आणि खोट्या गोळ्या वाटून, कोणाला कोणती मिळाली हे कोणालाच कळू न देता चाचण्या झाल्या. ओडिशात झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा चाचणीत क्लोरीनच्या गोळ्यांनी फरक दिसला नाही. गोळ्या मिळालेल्या पुष्कळ घरांच्या पाण्यातही क्लोरीन सापडला नव्हता. २०१८ मध्ये केनिया आणि बांगलादेशातल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवले की घरात क्लोरीन दिल्याने मुलांच्या उंचीत वाढ होत नाही. पश्चिम केनियात २०११ मध्ये कार्बन क्रेडिटच्या पैशावर पावणेनऊ लाखांवर फिल्टर वाटले गेले. पाणी उकळायला लागणारे सरपण वाचेल आणि त्याचे पैसे कंपनीला मिळतील, अशी ती योजना होती. काही वर्षांनी स्वतंत्र तपासणीत वापर चालू असलेली घरे फार थोडी निघाली. त्याच केनियात पाणवठ्यावरच क्लोरीनची टाकी बसवून, एक चावी फिरवली की हंड्याला पुरेल एवढा थेंब पडेल, अशी सोय केली तेव्हा लोकांनी ती अधिक वापरली. घराच्या आत नव्या कामाची भर घालण्यापेक्षा रोजच्या वाटेवरच ते उरकले तर बरे, एवढा धडा त्यातून मी घेतो. फिल्टर निरुपयोगी आहेत असा मात्र घेत नाही. वापरात नसलेले औषध गुण देत नाही, यात औषधाचा काय दोष?

इथे बाईच्या कामाचा प्रश्न येतो आणि तो टाळून या विषयावर लिहिणे म्हणजे लबाडी. पाणी आणायचे तिने, गाळायचे तिने, कॅन्डल घासायची तिने, क्लोरीनचा वास आला म्हणून नवऱ्याची बोलणी खायची तीही तिनेच. ग्रामपंचायतीने टाकीत जंतुनाशक टीसीएल पावडर टाकली नाही त्याची भरपाई ती चुलीपुढे करते. घरगुती फिल्टर ही अनेकदा सार्वजनिक कामचुकारपणाची खासगी वसुली असते. दुसरा जुना प्रश्न पाणवठ्यावरच्या हक्काचा. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी जे घडले ते पाण्याच्या शुद्धतेसाठी नव्हते, पाण्यावरच्या माणसाच्या अधिकारासाठी होते. आजही बोअर कोणाच्या आळीत मारला, पोडाला वेगळी टाकी का नाही, तांड्याच्या नळाला शेवटी पाणी का येते, या गोष्टी प्रयोगशाळेच्या अहवालात दिसत नाहीत.

हे सगळे आत्ताच का मांडायचे? १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झाले, दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी घरात नळाने द्यायचे ठरले, आणि मुदत पुढे ढकलली गेली तरी वस्त्यांमध्ये नळाच्या पाइपा दिसू लागल्या आहेत. नळ आला म्हणजे फिल्टर संपला, असे अनेकांना वाटते. पण नळाला पाणी दिवसाआड किंवा चार दिवसांआड येत असेल तर ते साठवावेच लागते. रिकाम्या पाइपात गटाराचे पाणी शिरते. साठवलेल्या हंड्यात हात बुडतो. नळ कोरडा राहण्याचे दिवस उरले आहेत तोवर रांजण, ओगराळे आणि गाळणी यांची गरजही राहणार. शिवाय नळाला येणारे पाणी त्याच फ्लोराइडच्या बोअरचे असेल तर नळाने विष घरपोच येते एवढाच फरक.

महाराष्ट्रात यासाठी एक यंत्रणा कागदावर आहे आणि काही गावांत ती प्रत्यक्षातही आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. ओटी चाचणी करून पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते पिवळ्या रंगावरून पाहायचे, ही त्याची रोजची कामगिरी. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर स्रोतांची पाहणी होऊन गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते, आणि सलग पाच वर्षे साथ आली नाही तर चंदेरी. ही पद्धत चांगली आहे. तिचा भर मात्र साथीवर, म्हणजे जंतूंवर आहे. फ्लोराइडने साथ येत नाही, माणूस हळूहळू वाकतो. म्हणून हिरव्या कार्डाच्या गावातही वाकलेल्या पाठी असू शकतात.

पुस्तकात आम्ही काय केले आहे ते सांगतो. लिहिणाऱ्यांमध्ये शिक्षक, आरोग्यसेवक, भूजल जाणणारे, फिल्टर दुरुस्त करणारे आणि पोडावर काम करणारे आहेत. त्यांचे आपसांत एकमत नाही. एकाला सामूहिक आरओ हाच मार्ग दिसतो, दुसऱ्याला तो लुबाडणूक वाटते. एक जण क्लोरीनचा कट्टर, दुसरीने लोक क्लोरीन का ओतून देतात हे तितक्याच बारकाईने लिहिले आहे. मतभेद मिटवायचा प्रयत्न संपादनात केलेला नाही. साधनांच्या जाहिराती करायच्या नाहीत, किमतींचे तक्ते द्यायचे नाहीत कारण छापून होईपर्यंत ते जुने होतात, आणि प्रत्येक साधनाबरोबर त्याची देखभाल कोणी, किती वेळा, कशाने करायची हे आधी सांगायचे, एवढे नियम मात्र सगळ्यांनी पाळले आहेत. आफ्रिकेतले अनुभव घेतले ते आपल्या पाण्याशी नाते सांगणारे तेवढेच. नलगोंडा तंत्र तिकडे गेले आणि पाणवठ्यावरच्या क्लोरीनची कल्पना तिकडून येऊ शकते, ही देवघेव बरोबरीची आहे. दानशूर आणि गरजू अशी तिची वाटणी आम्हाला मान्य नाही. कोळसा खाणींच्या परिसरातले पाणी आणि फवारणीच्या औषधांचे पाण्यातले अंश हे दोन विषय या खंडात नाहीत. त्यांना घरगुती फिल्टरचे उत्तर नाही, म्हणून त्यांची वेगळी मांडणी हवी.

पुढची पाने वाचायला घेण्याआधी वाचकाने एक काम करावे. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन गावातल्या प्रत्येक स्रोताचे अलीकडचे दोन अहवाल मागावेत: रासायनिक वेगळा आणि जैविक वेगळा. बहुतेक ठिकाणी दुसराच हातात दिला जातो. रासायनिक अहवालात फ्लोराइड आणि नायट्रेट असे दोन रकाने पाहावेत, अहवाल उन्हाळ्यातला की पावसाळ्यातला ही तारीख पाहावी, आणि नमुना टाकीतून घेतला की बोअरमधून हे विचारावे. अहवाल नसेल तर नमुना तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी ग्रामसभेत लेखी नोंदवावी. तो कागद शेजारी ठेवून वाचले तर पुस्तकातली निम्मी प्रकरणे आपल्या गावाला लागू नाहीत असे दिसेल, ती खुशाल सोडून द्यावीत.